डोंगरातल्या तलावाकाठी दोन रात्री: कमी खर्चात पहिली ट्रिप कशी आखायची

डोंगरातल्या तलावाकाठी मुक्काम करायचाय असं कुणी म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, टेन्ट कुठला घेऊ. मला दर वेळी वाटतं की थांबा, आधी रात्रीचं बोलू. टेन्ट पाऊस अडवतो, वारा अडवतो, पण ऊब देत नाही, आणि तलावाकाठची ट्रिप बिघडते ती बहुतेक वेळा पहाटे दोन ते पाचच्या मधे, गारठ्याने. दिवसा काय, ऊन असतं, पाणी चमकत असतं, सगळे खुशीत असतात. रात्र नीट गेली नाही की दुसऱ्या दिवशी कुणाला काही करावंसं वाटत नाही, सगळे लवकर परत फिरतात, आणि मग पुन्हा या वाटेला जात नाहीत. म्हणून खाली जे काही लिहितोय ते सगळं रात्र डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. पैसेही तिथेच घालायचेत, बाकी ठिकाणी हात आखडता घेतला तरी चालतो.

माझा पहिला मुक्काम सांगतो. पाण्यापासून पाच-सहा पावलांवर सपाट हिरवी जागा दिसली, म्हटलं यापेक्षा भारी काय असणार, तिथेच टेन्ट ठोकला. तीनच्या सुमारास जाग आली तर स्लीपिंग बॅगचा पायाकडचा भाग ओला लागत होता. वर हात लावला तर टेन्टच्या कापडावरून पाण्याचा ओघळ बोटांवरून मनगटापर्यंत आला. पाऊस नव्हताच, ते सगळं दव आणि आमच्याच श्वासातली वाफ. खालून जमीन पाठीला चावत होती. उजाडेपर्यंत हातात मोजे घालून बसून राहिलो. आमच्यातल्या एकाने टेन्ट वर झाडांच्या कडेला लावला होता, जेमतेम पंधरा-वीस मीटर उंचीवर, टेन्ट अगदी माझ्यासारखाच. तो सहाला आळोखेपिळोखे देत खाली आला आणि त्याचा टेन्ट कोरडा होता. त्या दिवसापासून जागा बघायला मी अर्धा तास देतो.

आधी आकार ठरवा: किती रात्री आणि किती लांब

पहिल्या ट्रिपला दोन रात्री आणि मधला एक पूर्ण दिवस, एवढंच ठेवा. एका रात्रीत होतं असं की पोचायचं, टेन्ट लावायचा, झोपायचं आणि उठून आवरायचं, तलावाकडे बघायलाच वेळ मिळत नाही. तीन रात्री केल्या की खाणं वाढतं, वजन वाढतं, खर्च वाढतो आणि हवामानाचा अंदाजही तिसऱ्या-चौथ्या दिवसाचा तितका भरवशाचा राहत नाही.

अंतर ठरवताना घरापासून पायवाटेच्या सुरुवातीपर्यंत चार-पाच तासांपेक्षा जास्त प्रवास नको. बजेट ट्रिपमधे सगळ्यात जास्त पैसा प्रवास खातो आणि तोच सगळ्यात सहज कमी होतो, जवळचं ठिकाण घेतलं की झालं. लांबचा नावाजलेला तलाव पुढच्या वर्षी करा, तोपर्यंत सामानही जमलेलं असेल आणि अंगात सवयही आलेली असेल.

चालण्याचं गणित मात्र कागदावर करा, अंदाजपंचे नको. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मधे एक साधा हिशोब मांडला तो आजही वापरतात: दर ५ किलोमीटरला १ तास, आणि चढ असेल तर दर ६०० मीटर चढाला अजून १ तास. समजा तलाव ६ किलोमीटरवर आहे आणि ४५० मीटर चढायचंय, तर चालायचे साधारण सव्वा तास आणि चढाचा पाऊण तास मिळून दोन तास झाले. पण हा हिशोब चालायची सवय असलेल्या माणसाचा आहे, त्यात थांबणं, फोटो काढणं, बुटाची लेस बांधणं धरलेलं नाहीये, तेव्हा नवख्यांनी पाठीवर सॅक असताना त्यात निम्मं वाढवा, म्हणजे तीन तास. आणि आता उलटं मोजत या: अंधार कधी पडतो, त्याच्या तीन तास आधी तलावावर पोचायचं, मग निघायचं कधी. हे तीन तास चैनीचे नाहीत, जागा शोधणं, टेन्ट लावणं, पाणी आणणं आणि जेवण उरकणं हे सगळं उजेडात व्हायला हवं.

तलाव कसा निवडायचा

फोटो बघून निवडू नका, उंची बघून निवडा. समुद्रसपाटीपासून २५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास व्हायला लागू शकतो: डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही, आणि फिटनेस चांगला असला तरी हा त्रास टळेलच असं नसतं. छोट्या ट्रिपमधे शरीराला सवय व्हायला वेळच नसतो, त्यामुळे पहिल्यांदा त्याच्या खालचाच तलाव घ्या. आणि कुठल्याही उंचीवर असा त्रास वाढत चालला तर उपाय एकच, खाली उतरणं, उद्या सकाळी बघू असं करायचं नाही.

दुसरं म्हणजे तलावाच्या रात्रीच्या तापमानाचा अंदाज स्वतः काढायला शिका, कारण फोनवर जो आकडा दिसतो तो बऱ्याचदा खालच्या गावाचा असतो. उंची १००० मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. खालचं गाव ८०० मीटरवर असेल आणि तिथे रात्रीचं किमान १६ अंश दाखवत असेल, तर २००० मीटरवरच्या तलावाशी ते आठ-नऊ अंशांवर येतं. इथेच थांबू नका. तलाव नेहमी खोलगट जागेत असतो, थंड हवा जड असते, आणि रात्री आभाळ स्वच्छ असलं की ती चारी बाजूंच्या उतारांवरून पाण्यासारखी खाली घरंगळत येते आणि त्या वाटीत साठून राहते. म्हणून अजून चार-पाच अंश कमी धरा. म्हणजे गावात १६ वाचून हलकंसं पांघरूण घेऊन निघालेला माणूस रात्री चार अंशांत झोपणार आहे. हे एवढं गणित केलं तरी अर्धी तयारी झाली असं समजा.

परवानगी, प्रवेश फी, गाडी लावायची सोय, मुक्कामाला मनाई आहे का, शेकोटी चालते का, हे सगळं आधीच विचारून घ्या. धरणाचा जलाशय असेल तर पाण्याची पातळी अचानक वाढू शकते, तिथे काठालगत मुक्काम अजिबात नको.

कधी जायचं

शक्य असेल तर सुट्टीच्या दिवसांना लागून न जाता आठवड्याच्या मधल्या दिवसांत जा. प्रवास स्वस्त पडतो, भाड्याचं सामान मिळतं आणि चांगली जागा रिकामी असते. नेमकी तारीख काढताना चंद्र बघा, हे कुणी सांगत नाही पण फरक खूप पडतो. अमावस्येच्या आसपास तारे काय दिसतात ते शब्दात सांगता येणार नाही, पौर्णिमेला तारे फिके पडतात पण टॉर्च न लावता काठाने फिरता येतं. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना मी पौर्णिमेच्या आधीचे दोन-तीन दिवस सुचवतो, संध्याकाळपासूनच उजेड असतो, अंधाराची धास्ती वाटत नाही, आणि पहाटेकडे चंद्र मावळला की तारेही बघायला मिळतात.

डोंगरात गरम दिवसांत दुपारनंतर ढग जमतात हे लक्षात ठेवून चढाची सगळी कामं सकाळी उरका.

पैसे कुठे घालायचे, कुठे नाही

माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या ट्रिपला टेन्ट विकत घेऊ नका. उसना घ्या किंवा भाड्याने घ्या. तुम्हाला हे सगळं आवडतंय का, एकट्याने जायचंय की चौघांनी, हे कळल्याशिवाय टेन्ट घेतला तर तो माळ्यावर पडून राहतो. स्टोव्ह, भांडी, सॅक, रेनकोट, सगळं ओळखीत मागून बघा, लोक आनंदाने देतात. उसना टेन्ट मात्र निघायच्या आधी घरी एकदा पूर्ण लावून बघाच, अंगणात, गच्चीवर, हॉलमधे, कुठेही, कारण एक काडी कमी आहे किंवा चेन बसत नाहीये हे काठावर पोचल्यावर कळलं तर काहीच करता येत नाही. भाड्याने घेतानाही तेच. एकदा आम्हाला दुकानातून मिळालेल्या टेन्टचं वरचं कव्हर दुसऱ्याच टेन्टचं निघालं, तिथेच उघडून बघितलं म्हणून वाचलो.

चौघं जण असाल तर खर्च आणि वजन दोन्ही उतरतं: एक स्टोव्ह, एक पातेलं, एक पाण्याचा फिल्टर, एक औषधांची पिशवी. आधी यादी करा आणि प्रत्येक वस्तूपुढे माणसाचं नाव लिहा, नाहीतर तीन स्टोव्ह येतात आणि लायटर कुणाकडेच नसतो.

विकत घ्यायच्या तीनच गोष्टी सांगतो. चांगली मॅट, हेडलॅम्प आणि लोकरीचे नाहीतर सिंथेटिक मोज्यांचे दोन जोड. या तीनही वस्तू तुमच्याकडे वर्षानुवर्षं राहतील.

झोपेची तयारी, इथे घाई नको

नवखी माणसं स्लीपिंग बॅगवर सगळं लक्ष देतात आणि मॅटकडे दुर्लक्ष करतात. कसंय, स्लीपिंग बॅग ऊब देते ती तिच्यात अडकलेल्या हवेमुळे, आणि तुम्ही जिथे झोपता तिथे तुमच्या वजनाने ती दबते, हवा निघून जाते, म्हणजे पाठीखाली बॅग जवळपास नसल्यासारखीच होते. तिथून जमीन रात्रभर तुमची ऊब ओढून घेत राहते. ती अडवते मॅट. मॅटवर आर व्हॅल्यू म्हणून आकडा असतो, जितका जास्त तितकी ती थंडी जास्त अडवते. उन्हाळी रात्रीला २ च्या आसपास पुरतं, तापमान शून्याकडे जाणार असेल तर ४ च्या पुढचं बघा. आणि एक स्वस्तातला उपाय म्हणजे दोन मॅट एकावर एक, त्यांच्या आर व्हॅल्यूची चक्क बेरीज होते. फोमची साधी घडीची मॅट खाली आणि हवेची वर, असं केलं तर हवेची फुटली तरी रात्र निभावते.

स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं लिहिलेली असतात. त्यातलं कम्फर्ट लिहिलेलंच वाचायचं. लिमिट आणि एक्स्ट्रीम हे आकडे आरामाच्या झोपेचे नाहीत, एक्स्ट्रीम तर जीव वाचण्यापुरता असतो. मगाशी काढलेला चार अंशांचा आकडा असेल तर कम्फर्ट शून्याच्या जवळपासची बॅग मागा. पिसांची बॅग हलकी आणि उबदार असते पण भिजली की तिची फुगवण जाते आणि ऊबही जाते, तलावाकाठी दव असतंच, म्हणून नवख्यांना सिंथेटिक बॅग बरी, जड असते पण ओलसर झाली तरी काहीतरी ऊब देते.

मग झोपायच्या आधीचं रुटीन. दिवसभरात घातलेले कपडे घामाने ओलसर असतात, हाताला कोरडे लागले तरी असतात, ते सगळे काढून झोपायचे वेगळे ठेवलेले कपडे घाला. डोक्याला टोपी. झोपायच्या आधी काहीतरी खा, शरीराला रात्रभर ऊब तयार करायला इंधन लागतं. गरम पाणी बाटलीत भरून, झाकण दोनदा तपासून, मोज्यात घालून बॅगमधे पायाशी ठेवा. अंग गार पडलेलं असताना बॅगमधे शिरू नका, बॅग स्वतः गरम होत नसते, तुमचीच ऊब धरून ठेवते, म्हणून आधी दोन मिनिटं जागच्या जागी हातपाय हलवा आणि मग आत जा. आणि लघवीला लागली असेल तर कुडकुडत पडून राहू नका, उठून जाऊन या, आल्यावर लगेच झोप लागते.

टेन्टची वरची जाळी किंवा झरोका थोडा उघडा ठेवा. थंडी वाजते म्हणून सगळं बंद केलं की श्वासातली वाफ आतच जमते आणि माझ्या त्या रात्रीसारखं होतं. आणि टेन्टच्या आत स्टोव्ह किंवा निखारे कधीही नाही, एका मिनिटासाठीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळतसुद्धा नाही. ही चूक परत सुधारता येत नाही, म्हणून ग्रुपमधल्या प्रत्येकाला निघायच्या आधीच सांगून ठेवा.

जागा

पोचल्या पोचल्या सॅक खाली ठेवा आणि मोकळ्या हाताने फिरा. पाण्यापासून निदान ६० मीटर लांब, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण ऐंशी पावलं. हे पाणी स्वच्छ राहावं म्हणूनही आहे, रात्री पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची वाट अडू नये म्हणूनही आहे, आणि तुमच्या झोपेसाठी तर आहेच. शक्य तिथे तलावाच्या पातळीपेक्षा दहा-वीस मीटर वर चढा, थंड हवेची वाटी खाली राहते. गवत सगळ्यात जास्त ओलं असलेली, कडेने चिखल सुकून भेगा पडलेली जागा म्हणजे पाणी साठायची जागा, ती सोडा. झाडांच्या कडेला दव कमी पडतं, पण वर मान करून वाळलेल्या फांद्या आहेत का ते बघा. उताराखाली ताजे, कडा धारदार असलेले दगड पडलेले दिसले तर वरून अजून येऊ शकतात, तिथे नको.

जागा पसंत पडली की मॅट न घालता तिथे आडवं होऊन बघा. डोळ्याला सपाट दिसलेली जमीन पाठीला उताराची लागते. थोडा उतार असेलच तर डोकं वरच्या बाजूला.

प्यायचं पाणी

डोंगरातलं पाणी कितीही नितळ दिसलं तरी तसंच पिऊ नका. वर कुठे जनावरं चरतायत, काय मरून पडलंय, दिसत नाही. उकळणं हा सगळ्यात स्वस्त उपाय: खदखदायला लागल्यावर १ मिनिट, आणि २००० मीटरच्या वर असाल तर ३ मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. त्याच कारणाने स्वयंपाकालाही जास्त वेळ लागतो आणि गॅस जास्त जातो, तेव्हा पटकन शिजणारं किंवा नुसतं गरम करायचं असं खाणं न्या, कडधान्य शिजवत बसायची ही जागा नाही.

फिल्टर वापरत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, वापरलेला फिल्टर रात्री गोठला तर आतल्या बारीक नळ्या फुटू शकतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. थंडीत तो पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमधे घ्या. पाण्यावर हिरवा-निळा, रंग सांडल्यासारखा तवंग असेल तर ते पाणी उकळूनही पिऊ नका, अशा शेवाळाचं विष उकळण्याने जात नाही, तिथे पोहूही नका.

गॅसचा कॅनही थंडीत रुसतो. ब्युटेन शून्याच्या जरा खालीच गॅस व्हायचा थांबतो, पहाटे ज्योत मिणमिणती होते, तेव्हा घेताना ब्युटेनमधे प्रोपेन मिसळलेला कॅन घ्या आणि रात्री तो उबदार कपड्यात गुंडाळून ठेवा.

पाण्यात उतरायचंय? मग हे पूर्ण वाचा

तलाव समोर दिसतोय, चढून घाम आलाय, तर उडी मारावीशी वाटणारच. पण डोंगरातल्या तलावाचं पाणी फसवं असतं. उन्हाने वरचा थर तापतो, काठावर पाय बुडवले तर छान वाटतं, आणि जरा खोल गेलं की तेच पाणी एकदम गार लागतं. १५ अंशांच्या खालच्या पाण्यात अचानक पडलं की शरीर आपोआप मोठा श्वास आत ओढतं आणि मग धाप लागल्यासारखे श्वास सुरू होतात, हे तुमच्या इच्छेवर नसतं, आणि तो पहिला श्वास पाण्याखाली घेतला गेला तर चांगला पोहणाराही बुडतो. थंड पाण्याबद्दल शिकवणारे लोक १-१०-१ असं सांगतात: पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायचं, मग साधारण १० मिनिटं हातपाय नीट चालतात, आणि अंग गार पडून शुद्ध जायला १ तासाच्या आसपास लागतो. म्हणजे माणूस गारठून जायच्या खूप आधी हातपायातली ताकद गेल्यामुळे बुडतो.

म्हणून उडी मारायची नाही. काठाने चालत, कमरेपर्यंत, थांबून, मानेवर-छातीवर पाणी मारून, श्वास शांत झाला की मगच पुढे. काठाला समांतर पोहा, आत मधे जायचं नाही, आणि एक जण कायम बाहेर कोरडा राहिला पाहिजे. बाहेर आल्यावरही काही मिनिटं अंग अजून गार होत जातं, त्यामुळे हुडहुडी थोड्या वेळाने जोरात भरते, टॉवेल आणि कोरडे कपडे आधीच काठावर काढून ठेवा, आल्यावर सॅकमधे शोधायला बोटं साथ देत नाहीत. उन्हं कलल्यावर पाण्यात जायचंच नाही.

कुणी अडखळायला लागला, बोलणं जड झालं, चिडचिड करायला लागला, साधी गाठ बांधता येईना, तर तो दमलेला नसून गारठलेला असू शकतो. ओले कपडे काढा, कोरडे घाला, वाऱ्यापासून आडोशाला न्या, गोड गरम प्यायला द्या. आणि कुडकुडणं थांबलं पण माणूस भानावर दिसत नाही, तर ते बरं झाल्याचं लक्षण नाहीये, उलट धोक्याचं आहे, त्याला आडवं ठेवा, सांभाळून हलवा, तोंडात काही घालू नका आणि लगेच मदत मागवा.

कपडे, ऊन, वीज

कपड्यांचं थोडक्यात: कॉटन नको, भिजलं की वाळत नाही आणि ऊब ओढतं. अंगालगत सिंथेटिक, त्यावर फ्लीस किंवा स्वेटर, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. चढताना थोडं गार वाटेल इतकेच कपडे घाला म्हणजे घामाने भिजणार नाही. उन्हाचं म्हणाल तर दर १००० मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि हवा गार असल्यामुळे भाजलेलं संध्याकाळपर्यंत कळत नाही, टोपी आणि सनस्क्रीन लागतंच.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. ३० च्या आत आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे, पाण्यातून आणि उघड्या काठावरून लगेच निघा, एकट्या उंच झाडाखाली जाऊ नका, टेन्टही वीज अडवत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं.

शौच, भांडी, कचरा

पाण्यापासून, वाटेपासून आणि टेन्टपासून ६० मीटर लांब जाऊन १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा, नंतर त्याच मातीने बुजवायचा. यासाठी बागकामाचं छोटं खुरपं पुरतं. टिश्यू आणि सॅनिटरी पॅड पिशवीत बंद करून परत आणायचे. साबण तलावात नाहीच, नैसर्गिक लिहिलेला असला तरी नाही, पातेल्यात पाणी घेऊन लांब जाऊन भांडी धुवा. शेकोटीबद्दल मला मनापासून वाटतं की टाळा. काठावरची काळी पडलेली दगडांची वर्तुळं वर्षानुवर्षं जात नाहीत आणि वाळलेलं लाकूडही तिथल्या किड्यांचं, पक्ष्यांचं घर असतं. हेडलॅम्पच्या मंद उजेडात गप्पा तितक्याच रंगतात. आवाज मात्र हळू, रात्री पाण्यावरून आवाज फार लांब जातो, पलीकडच्या काठावर कुणी झोपलेलं असतं.

निघायच्या आदल्या रात्री

ऑफलाइन मॅप डाउनलोड करा, नेटवर्क नसलं तरी फोनचं जीपीएस चालतं. फोन फ्लाइट मोडवर, रात्री पॉवरबँकसकट स्लीपिंग बॅगमधे, थंडीत बॅटरी झरझर उतरते. घरी एका माणसाला लिहून द्या: कुठल्या वाटेने, कोण कोण, कधी परत, आणि अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी असू द्या. अडचणीत मिनिटाला ६ शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा ६, हा डोंगरातला मदतीचा इशारा आहे, आणि ज्याला ऐकू येतं तो मिनिटाला ३ शिट्ट्यांनी उत्तर देतो. भरलेली सॅक वजनकाट्यावर ठेवून बघा, तुमच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भरली तर काहीतरी बाहेर काढा, बहुतेक वेळा ते जादाचे कपडेच असतात.

मधल्या दिवशी फारसा काही प्लॅन ठेवू नका. पहाटे मात्र एकदा उठाच, वारा पडलेला असतो, हवेपेक्षा पाणी गरम असल्यामुळे पाण्यावरून धुक्याच्या बारीक वाती उठत असतात आणि ऊन पोचलं की दहा-पंधरा मिनिटांत सगळं विरून जातं.

परत आल्यावर

टेन्ट तसाच पिशवीत ठेवला तर दोन-तीन दिवसांत बुरशीचा वास धरतो, म्हणून कितीही दमलेले असलात तरी त्याच दिवशी उघडून सावलीत वाळत घाला, चेनमधली माती ब्रशने काढा, काड्या पुसा. स्लीपिंग बॅग कोंबून न ठेवता मोठ्या पिशवीत सैल ठेवा. उसनं आणलेलं सामान धुऊन, वाळवून, काड्या-खुंट्या मोजून परत द्या, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा मागता येईल. आणि यादीचा तो कागद टाकू नका. जे एकदाही वापरलं नाही त्यावर काट मारा, जे नसल्यामुळे रात्री जाग आली ते खाली लिहा, आणि पहाटे टेन्टमधे थंडी किती वाटली, काय घातलं होतं, मॅट कुठली होती हे तारखेसकट लिहून ठेवा.